एका जर्मन मोटारीचा जीर्णोद्धार

इतिहासाच्या अध्यापकानें मोटारीवर लेख लिहावा हें वाचकांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मला स्वतःला गाडी चालवितां येत नाहीं, आणि तिच्या पोटांत काय असतें याची जिज्ञासा वयाच्या पन्नाशीपर्यंत मला कधीं झाली नव्हती. परंतु दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत सहा आठवडे मी म्युनिकजवळ माझ्या पुतण्याकडे राहिलों. तो तेथें एका कारखान्यांत अभियंता आहे. पगार बेताचा, घरभाडें जबर. आणि अशा स्थितींत त्यानें १९७२ सालची एक गंजलेली 'बी. एम्. डब्ल्यू. २००२' विकत घेऊन भाड्याच्या पडवींत उभी करून ठेविली होती. तिची मूळची गिअरपेटी चार गतींची. ती काढून तेथें दुसऱ्या गाडीची पांच गतींची पेटी बसवावयाची, असा त्याचा बेत होता.

"मग तिला जीर्णोद्धार कशाला म्हणतोस?" मीं विचारलें. "हा तर उघड उघड प्रक्षेप झाला."

आमचें सारें आयुष्य पोथ्यांचे पाठभेद लावण्यांत गेलेलें. भांडारकर संस्थेनें महाभारताची संशोधित आवृत्ति सिद्ध करण्यासाठीं केवढे परिश्रम केले, हें विद्यार्थ्यांना सांगतांना आम्ही 'मूळ संहिता' हा शब्द किंचित् आवाज चढवून उच्चारतों. तोच आवाज मीं पडवींत लावला. पुतण्या हंसला आणि म्हणाला, "काका, या गाडीची मूळ संहिता कोणती, तें तुम्हीच शोधून काढा." मीं तें मनावर घेतलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीची स्थिति मोठी विचित्र झाली होती. एकीकडे धनिकांसाठीं आठ सिलिंडरांच्या जड व महाग गाड्या, आणि दुसरीकडे इसेटा नांवाची, समोरचें दार उघडून आंत शिरावयाची, अंड्यासारखी चिमुकली गाडी. मधल्या गृहस्थाला देण्यासारखें तिच्यापाशीं जवळजवळ कांहींच नव्हतें. ९ डिसेंबर १९५९ रोजीं भागधारकांची सभा भरली, तेव्हां कंपनी डाइम्लर-बेंझ या प्रतिस्पर्ध्याच्या हवालीं करण्याची योजना पुढें होती. लहान भागधारकांनीं व विक्रेत्यांनीं ती हाणून पाडली, आणि पुढें हेर्बेर्ट क्वांट यांनीं आपलें भांडवल घालून कंपनी तगविली. या ओढगस्तींतून १९६२ सालीं '१५००' ही चार दारांची मध्यम गाडी बाजारांत आली.

तिचें एंजिन आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांनीं आंखलेलें होतें. चालकांना याहूनहि लहान एंजिन पुरेसें वाटत होतें. परंतु या गृहस्थांनीं आग्रह धरला कीं, एंजिन असें ओतावें कीं पुढें तें वाढवितां आलें पाहिजे. गरीब संसारांत मुलाचा सदरा दोन बोटें मोठा शिवितात, त्यांतलाच हा प्रकार. खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, वरचें डोकें अॅल्युमिनियमचें, आणि सबंध यंत्र तीस अंशांनीं कलतें बसविलेलें. पहिल्या रूपांत त्याचें घनफळ १४९९ घन सेंटिमीटर होतें. सिलिंडर थोडे रुंद केले तेव्हां तें १५७३ झालें. ते आणखी रुंद करून पिस्टनची धांवहि वाढविली तेव्हां १९९० झालें. ह्याच घराण्याच्या ठोकळ्यावर उभारलेल्या एंजिनानें १९८३ सालीं नेल्सन पिके यांना फॉर्म्युला वनचें जगज्जेतेपद मिळवून दिलें. लाखभर किलोमीटर धांवलेले जुने ठोकळे त्या कामीं मुद्दाम निवडीत, अशी एक आख्यायिका या लोकांत मोठ्या भक्तीनें सांगतात. आख्यायिका म्हणूनच मी ती येथें नोंदवितों.

१९६६ सालीं त्याच वंशांतली, पण आंखूड व हलकी, दोन दारांची '१६००-२' निघाली. कारखान्याच्या दप्तरीं ही 'दोन दारांची लिमुझीन'. पण बाहेर पुष्कळजण तिला कूपे म्हणतात, आणि मीहि तेंच म्हणतों. तिच्यांत १५७३ घन सेंटिमीटरांचें एंजिन होतें. आतां पुढचा भाग पाहा. फाल्केनहाउझेन यांनीं स्वतःच्या वापरांतल्या अशा एका गाडीचें एंजिन काढून तेथें दोन लिटरांचें मोठें एंजिन बसवून घेतलें. कंपनींतले दुसरे एक अधिकारी हेल्मुट वेर्नर ब्योन्श यांनींहि स्वतःच्या गाडीवर नेमका तोच प्रयोग केला होता. दोघांनींहि तो परस्परांस न कळवितां केलेला. पुढें तो उघडकीस आला तेव्हां दोघांनीं मिळून चालकांपुढें प्रस्ताव मांडला कीं, अशीच गाडी विकावयास काढावी. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे आयातदार माक्स होफमान अमेरिकेसाठीं अधिक जोरकस गाडी मागत होते; कारण दोन कार्ब्युरेटरांची '१६०० टी-आय्' तिकडच्या धुराच्या नियमांत बसत नव्हती. या सर्वांतून १९६८ सालीं १०० अश्वशक्तीची '२००२' जन्मास आली. दोन लिटर व दोन दारें, एवढाच त्या आंकड्याचा अर्थ.

मीं टिपणें काढून पुतण्यासमोर ठेविलीं आणि खरें सांगावयाचें तर थोडा ओशाळलों. जिची मूळ संहिता मी शोधीत होतों, ती गाडीच मुळीं दोन मालकांनीं हौसेनें केलेला प्रक्षेप होती. कारखान्यानें तिच्यावर मागाहून शिक्का मारला, इतकेंच.

तथापि हौसेला पैसा लागतो, आणि तो पुतण्यापाशीं नव्हता. अशा गाड्यांत पैसा एंजिनांत जातो असा माझा समज होता; तो चुकीचा ठरला. या गाडीला स्वतंत्र सांगाडा नाहीं. पत्र्याची पेटी हाच सांगाडा. शिवाय त्या काळीं पत्र्याला गंजापासून जपण्याची तजवीज फारच थोडी. त्यामुळें गंज लागला म्हणजे नुसतें रूप जात नाहीं, हाडेंच ठिसूळ होतात. दारांखालचे पोकळ उंबरे, सामानाच्या कप्प्यांतील मागच्या धक्काशोषकांच्या वरच्या बैठका, जादा चाकाची खोबण, चालकाच्या पायांखालची फरशी, या तिच्या ठरलेल्या दुखऱ्या जागा. विकणाऱ्यानें त्या लांबी भरून व रंग मारून इतक्या सफाईनें झांकल्या होत्या कीं, मागच्या बैठकीवर पुतण्यानें पेंचकस टेकवितांच तो मुठीपर्यंत आंत गेला. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. सूनबाईनें मला हळूच सांगितलें कीं, सहलीसाठीं शिलकीस टाकलेले पैसेहि याच गाडींत गेले आहेत.

दुसऱ्या दिवशीं त्यानें कागदावर क्रम मांडला. आधीं झाळकाम, मग ब्रेक, मग एंजिन. रंग सर्वांत शेवटीं, आणि पैसे उरले तर. शेजारीं पत्राकाम करून निवृत्त झालेले एक वृद्ध जर्मन गृहस्थ राहत; त्यांनीं त्याला पत्रा कापण्यास व टांके घालण्यास शिकविलें. मजुरी वांचली, पण आठ महिन्यांचे शनिवार-रविवार गेले. एंजिन मात्र उघडून पाहिल्यावर धड निघालें. त्यावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशीं जुळणारा. तेव्हां तें बदलण्याचा प्रश्नच उरला नाहीं. कड्या, सांधे व तेलाचे अटकाव नवे घातले कीं भागलें. या मालिकेच्या आठ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि कंपनी आजहि तिचे बरेच भाग पुरविते. त्यामुळें सुट्या भागांचा दुष्काळ नाहीं.

राहतां राहिली गिअरपेटी. मूळच्या चौथ्या गतींत आजच्या महामार्गावर एंजिन सारखें ओरडत राहतें. पांचवी गति असली कीं तेंच काम कमी फेऱ्यांत होतें, आणि जुनें यंत्र कमी झिजतें. १९७५ सालीं या गाडीची जागा '३ मालिके'नें घेतली. तिच्या १९८० च्या सुमाराच्या गाड्यांतील पेटी येथें बसते. फक्त मागें जाणारा दांडा आंखूड करावा लागतो व पेटीची बैठक बदलावी लागते. मोडीत निघालेल्या एका गाडीची अशी पेटी त्यानें स्वस्तांत मिळविली होती.

यावर त्या वृद्ध गृहस्थांचा आक्षेप माझ्याहून कडक होता. "कारखान्यांतून निघाली तशी ठेव, नाहींतर हात लावूं नकोस," हें त्यांचें मत. येथें एक कायदा मदतीस आला, आणि इतिहासकार म्हणून त्याचें मला फार कौतुक वाटतें. जर्मनींत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या, सुस्थितींतील व मूळ धर्तीच्या गाडीला क्रमांकाच्या शेवटीं 'एच्' हें अक्षर मिळतें. मग तिच्यावर वर्षाला सुमारें १९१ युरो इतका ठराविक कर बसतो. परंतु मूळ धर्ति म्हणजे काय? परीक्षकांच्या नियमांप्रमाणें, गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत ज्या फेरफारांची चाल होती, ते तिच्या इतिहासाचाच भाग धरतात. पोथी लिहून झाल्यावर पहिल्या पिढीच्या अभ्यासकांनीं समासांत घातलेली टीप ग्राह्य, आणि शंभर वर्षांनीं कोणी घुसडलेला श्लोक त्याज्य, असाच हा न्याय आहे. आमच्या संशोधन-मंडळांत याहून ढोबळ नियमांवर हमरीतुमरी झालेली मीं पाहिली आहे. १९७२ ची गाडी, १९८० ची पेटी. दहा वर्षांच्या आंत.

एका गोष्टींत मात्र मीं माघार घेतली नाहीं. १९७३ सालीं कंपनीनें १७० अश्वशक्तीची '२००२ टर्बो' काढली. पुढच्या पट्टीवर तिचें नांव उलट्या अक्षरांत रंगविलेलें, पुढच्या गाडीवाल्याला आरशांत तें सुलट दिसावें म्हणून! या उद्धटपणावर जर्मनींत बराच गहजब झाला, आणि त्याच शरद ऋतूंत तेलाचें संकट कोसळलें. अवघ्या १६७२ गाड्या निघून ती बंद पडली. आज साध्या गाड्यांना तिचे फुगीर पंखे व पट्टे लावून मिरविण्याची चाल पुष्कळ आहे. पुतण्यालाहि तो मोह झाला होता. मापेंहि घेऊन झालीं होतीं. पेटी बदलणारा आपण पेटी बदलली असें सांगतो. हे पंखे लावणारा, गाडी जी नाहीं ती आहे असें सांगतो. असल्या बनावट ताम्रपटांपायीं खऱ्या दानपत्रांवरहि संशय येतो, हें मीं त्याला दोन रात्री समजावून सांगितलें. दुसऱ्या रात्रीं तो म्हणाला, "काका, पंखे परवडणारहि नाहींत." मतपरिवर्तन कशानें झालें याचा निर्णय मीं केला नाहीं.

गेल्या मे महिन्यांत गाडी परीक्षेस उतरली. परीक्षकानें खालून दिवा धरून प्रत्येक टांका पाहिला, ब्रेकचा एक नळ बदलावयास सांगितला, आणि पंधरवड्यानें 'एच्' अक्षर दिलें. रंग अजून जुनाच आहे. उजव्या दारावर तो निराळ्या छटेचा दिसतो. काढलेली चार गतींची पेटी पुतण्यानें तेल लावून, जुन्या चादरींत गुंडाळून तळघरांत ठेविली आहे. तिच्यावर गाडीचा क्रमांक व ती काढल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे. ती चिठ्ठी त्या वृद्ध गृहस्थांच्या हातची आहे.