लिनक्स व बिनतारी ॲडॉप्टर : एका सोयरिकीचा इतिहास

सोयरीक जुळवितांना आपल्याकडे आडनांवापेक्षां गोत्राची चौकशी अधिक बारकाईनें होते. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीसाठीं वायफायचा ॲडॉप्टर निवडणाऱ्यानेंही तीच रीत पाळावी. कारण खोक्यावरील छाप हें केवळ आडनांव होय, खरें गोत्र आंतील चिपचें. ही दक्षता ग्राहकाच्या माथीं कां आली, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

हेलसिंकी येथील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लोकांपुढें ठेविला. बिनतारी जाळ्याचें ८०२.११ हें प्रमाण १९९७ सालीं ठरलें, व १९९९ सालच्या सुधारणेनंतर तें घरोघर शिरूं लागलें. यंत्रास संगणकाशीं बोलण्याकरितां ड्रायव्हर नांवाचा दुभाषी लागतो. निर्मात्यांनीं तो विंडोजसाठीं दिला. लिनक्ससाठीं बहुतेकांनीं दिला नाहीं, आणि चिपचें वर्णनही गुप्त ठेविलें. रेडिओलहरींवरील सरकारी निर्बंधांचें कारण त्यासाठीं पुढें केलें जाई. त्यांत मुळींच तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण व्यापारी संशयाचा वाटाही लहान नसावा.

यावर एक उपाय निघाला तो एनडिसरॅपर. विंडोजचाच दुभाषी उसना घेऊन लिनक्सच्या घरांत राबविण्याची ही युक्ति होती. काम भागे, परंतु तो आंत काय करतो हें घरधन्यास कळत नसे. ब्रॉडकॉमच्या चिपांबाबत मात्र स्वयंसेवकांनीं जें केलें, तें आमच्या मतें या इतिहासांतील सर्वांत स्पृहणीय प्रकरण आहे. एका गटानें बंद ड्रायव्हर उकलून चिपचें वर्णन लिहिलें. दुसऱ्या गटानें मूळ ड्रायव्हर न पाहतां केवळ त्या वर्णनावरून नवा रचिला. चोरीचा आळ येऊं नये म्हणून पाळलेलें हें सोंवळें! तो ड्रायव्हर २००६ सालीं २.६.१७ या कर्नलमध्यें दाखल झाला. पुढें ॲथेरॉसनें २००८ सालीं एटीएच९के हा ड्रायव्हर स्वतःच खुला केला, आणि २०१० सालीं खुद्द ब्रॉडकॉमलाही आपला एक मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध करावासा वाटला.

तरीही नामसाम्याचा घोटाळा उरलाच. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या ॲडॉप्टरच्या पहिल्या आवृत्तींत ॲथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, आणि लिनक्सवाल्यांत तिची मोठी ख्याति होती. दुसऱ्या आवृत्तीपासून आंत रिअलटेकची चिप आली; बाहेरचें नांव तेंच राहिलें. जुन्या शिफारशीवर विसंबून नवा माल घेणारे साहजिकच फसले. म्हणून ॲडॉप्टर हातीं असेल तर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. निर्माता व वस्तु यांचे चार-चार अंकाक्षरांचे दोन क्रमांक दिसतात, आणि त्यांवरून चिपचें कुळ शोधतां येतें. विकत घ्यावयाचा असेल तर आवृत्ति विचारल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.

दुसरी चौकशी करावयाची ती ड्रायव्हर कर्नलमध्येंच आहे कीं बाहेरून आणावा लागतो याची. बाहेरचा ड्रायव्हर कर्नल बदलला कीं पुन्हा बांधावा लागतो, आणि कित्येकदां बांधला जातही नाहीं. रिअलटेकच्या अनेक यूएसबी चिपांची हीच रड होती. २०२३ सालच्या ६.२ या कर्नलपासून त्यांतील कांहींना आंत जागा मिळाली. याखेरीज पुष्कळ चिपांना फर्मवेअर नांवाची बंद पोथी लागतेच. तत्त्वनिष्ठ डेबियननेंही २०२२ सालीं मतदान घेऊन ती आपल्या प्रतिष्ठापन-संचांत घालण्याचें ठरविलें, व २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून ती त्यांत मिळूं लागली.