रुवांडातील बियाण्यांच्या पारखी

आफ्रिकेच्या अंतर्भागातील रुवांडा या डोंगराळ देशात राजमा हे गरिबाघरचे नित्याचे अन्न. आणि त्याची पेरणी, निवड, बियाण्याची राखण हे सारे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातचे. एकाच वावरात त्या नाना वाणांचे मिश्रण पेरीत. एक पावसाने बुडाला तरी दुसरा तगावा, हा त्यांतील हिशेब. इतके ज्ञान घरोघर नांदत असता सरकारी संशोधनकेंद्र मात्र आपणच वाण निवडी आणि शेवटी शेतकऱ्यांपुढे ठेवी!

१९८८ च्या सुमारास लुईझ स्पर्लिंग या मानवशास्त्रज्ञ विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी हा क्रम पालटला. गावोगावच्या जाणत्या स्त्रियांना थेट केंद्राच्या वाफ्यांवर बोलावण्यात आले. त्यांनी केवळ उतारा पाहिला नाही. केळीच्या सावलीत कोणता वाण धरेल, हलक्या जमिनीत कोणता टिकेल, हेही त्यांनी पारखले. निवडलेले वाण त्यांनी घरच्या शेतात लावले, तेव्हा पूर्वीच्या मिश्रणापेक्षा उत्पन्न सरासरीने ३८ टक्क्यांपर्यंत वाढले. तज्ज्ञांच्या निवडीला एवढे साधले नव्हते.

१९९४ च्या भीषण नरसंहारानंतर देशातील बियाणे नष्ट झाले असेल, असा बाहेरच्या जगाचा कयास होता. पाहणीत निराळेच आढळले: राजम्याचे बहुतेक वाण शेतकऱ्यांच्या घरी शिल्लक होते.