कापलेलं आज्जी सांगायची

पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली की आमच्या घरची माणसं आधी रथाला नोट लावायची, मग बैलबाजारातून एक चक्कर, आणि तिथून थेट तंबूंकडं. तंबू म्हणजे टुरिंग टॉकीज. ते रांगेनं उभे असत. प्रत्येकाचा कर्णा वेगळा, त्यामुळं एका तंबूत बाई रडत असताना शेजारच्या तंबूतली हाणामारी तिच्या रडण्यात घुसायची. नवा पिक्चर कुठला लागलाय असं आबांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. 'पिंजरा' कुठं लागलाय, एवढंच ते बघत.

आबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' 1972 चा, आणि गोष्ट एका मास्तराच्या घसरणीची. तमाशा गावाबाहेर घालवायला निघालेला गुरुजी शेवटी त्याच तमाशातल्या बाईच्या फडात जातो. गाव त्याला मेला समजून त्याचा पुतळा उभारतं आणि त्याच्याच खुनाचा आळ त्याच्यावर येतो. आबा हे सगळं बघत नसत. गुरुजीचा पाय घसरायची वेळ आली की ते उठायचे, धोतराची माती झटकायचे आणि भज्यांच्या गाडीवर जाऊन बसायचे. दरवर्षी तेवढाच पिक्चर. धाकट्या चुलत्यानं एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "माजा मास्तर तेवडाच हाय. फुडचा शांतारामबापूंचा." हे मी चुलत्याकडून ऐकलंय, आणि चुलता गोष्टीला तिखटमीठ लावणारा माणूस, पण भज्यांच्या गाडीवर बसलेले आबा मी स्वतः पाहिलेत.

याच पिक्चरवरून घरात एक कायमचं भांडण होतं. डॉ. श्रीराम लागूंचा जन्म साताऱ्याचा, म्हणून 'पिंजरा' साताऱ्याचा, असा आबांचा निकाल. आज्जीचं माहेर तासगावचं. ती म्हणायची, गाण्यांबिगर त्यात काय हाय, आणि गाण्यांना चाली देणारे राम कदम आमच्या मिरजेचे. वाद फारच पेटला तर ती विष्णुदास भाव्यांना काढायची. त्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा तुमच्या साताऱ्याला पडदा म्हंजी काय हे तरी ठावं हुतं का? त्यावर आबा 'रामशास्त्री' पुढं करत. प्रभातचा, 1944 चा. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे, म्हणजे साताऱ्याच्या वेशीवरचेच. राघोबादादाला भर दरबारात देहांत प्रायश्चित्त सांगणारा माणूस आपल्या मातीतला, याचा आबांना असा अभिमान की जणू निकालाचा कागद त्यांनीच लिहून दिला होता. भांडण कुणी जिंकलं नाही. आज्जी शेवटी भडंगाचा डबा उघडायची. लसूण कुरकुरीत तळून घातलेलं, तिखटानं लाल झालेलं तिच्या माहेरचं भडंग. आबा ते मात्र साताऱ्याचं ठरवायला जात नसत.

थोरल्या आत्याची तऱ्हा आणखी वेगळी. तिचा पिक्चर 'माहेरची साडी', 1991 चा. त्या वर्षी गावोगावच्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला जात होत्या. आत्या एकदा सासूबरोबर गेली, एकदा जावांबरोबर, मग माहेरपणाला आली तेव्हा आमच्याबरोबर. पुढं तंबूत लागला की तिथंही. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच पदर हातात. अलका कुबल पडद्यावर यायची खोटी, हिचं चालू. मला लहानपणी हसू यायचं. घरी रडली की सासू विचारणार, काय झालं, कुणी काय केलं. तंबूत कुणी विचारत नाही, शेजारची बाईही रडतच असते. हे मला फार उशिरा उमगलं, तेही आईनं सांगितल्यावर.

तंबूत बाया एकीकडं, बाप्ये दुसरीकडं. बसायला जमीन. घरून घोंगडं नेलेलं असायचं आणि फडक्यात भाकरी, लसणाची चटणी, भाजलेल्या शेंगा. मशीन मालमोटारीत. आत दोन कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्या उजेडावर पडद्यावरची माणसं चालायची. कांड्या झिजल्या की उजेड पिवळा पडायचा आणि पोरं शिट्ट्या मारायची. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. मशीन एकच असलं की रीळ बदलेपर्यंत अंधार. त्या अंधारात शेंगांचा कुटुकुटु आवाज सगळ्या तंबूभर.

फिल्म तुटायची तेव्हा खरा खोळंबा. ऑपरेटर दोन्ही टोकांचा फाटका भाग कापून टाकायचा, ती चिकटवायचा आणि मशीन पुन्हा सुरू. कापलेली वीतभर पट्टी तंबूमागं पडायची. ती उचलून उन्हात धरून बघणं हा आम्हा पोरांचा दुसऱ्या दिवशीचा उद्योग. एक वीत म्हणजे फार नाही. पण तीच प्रिंट या जत्रेतून त्या जत्रेत वर्षानुवर्षं फिरते, दर ठिकाणी थोडी तुटते, थोडी कापली जाते. पिक्चर असा आखडत जातो. एखाद्या वर्षी गाणं मधूनच सुरू व्हायचं, एखाद्या वर्षी दारात उभा असलेला माणूस एकदम खाटेवर दिसायचा.

आणि इथं आज्जी कामाला यायची.

तिचा पिक्चर 'संत तुकाराम'. प्रभातचा, दामले-फत्तेलालांनी केलेला, 1936 चा. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवातही तो गाजला, पण ते आज्जीला सांगून उपयोग नव्हता. तिनं तो पहिल्यांदा वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला म्हणे, सांगलीत की मिरजेत यावर तिची आणि तिच्या भावाची कधी एकवाक्यता झाली नाही. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की ती बसल्या जागी हात जोडायची. जीव मात्र जिजाईवर. गौरीबाईंनी केलेली ती जिजाई, देवावरही वहाण उगारणारी. तंबूत रीळ उडी मारून पुढं गेलं की आज्जी लगेच मधलं सांगायला लागायची: कोण काय बोललं, म्हैस कुठं होती, पोरगं कुठं होतं. आसपासच्या बाया पडद्याकडं बघायच्या सोडून तिच्याकडं वळायच्या. श्रावणात 'हरिविजय' लावतात तेव्हा शेवट ठाऊक आहे म्हणून कोणी पोथी मिटत नाही. आज्जीचं तंबूतलं बसणं तसंच होतं, फक्त इथं पोथीची पानं फाटत गेली आणि ती तोंडपाठ म्हणत राहिली.

शेवटी तुकोबा गरुडावरून वैकुंठाला जातात. आज्जीच्या पिक्चरमध्ये गोष्ट त्यापुढंही होती. जिजाई माघारी घरी येते, म्हैस पान्हा चोरते, ती तिला शिव्या देत धार काढते, पोरांना दूधभाकरी कुस्करून देते आणि मग चुलीपुढं बसते. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते पडद्यावर पाहिलंय असंच मला वाटायचं.

पुढं घरात टीव्ही आला आणि एकदा 'संत तुकाराम' लागला. चांगली प्रिंट, कुठं उडी नाही. आबा तेव्हा नव्हते. आज्जी पुढ्यात सूप घेऊन मटकी निवडत बसली होती. गरुड वर गेला, पिक्चर संपला, बातम्या लागल्या. मी म्हटलं, "आज्जी, म्हशीचं कुठाय?"

तिनं सुपातला खडा काढून टाकला. "कापलं आसंल," ती म्हणाली. "टीव्हीवाल्यास्नी बातम्यांची घाई." आणि पुढचं सांगायला लागली.