संगणकाच्या मेंदूची निवड

गेल्या उन्हाळ्यांत इंदापूर तालुक्यांत बहिणीच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. उसाचा हप्ता नुकताच जमा झाला होता, आणि त्यांतील कांहीं रक्कम आपल्या वाट्यास यावी अशी माझ्या भाच्याची इच्छा होती. त्याच्या संगणकावर नवे खेळ नीट चालत नव्हते. चित्र अडखळे, पळणारा गडी जागच्या जागीं थिजे. त्यानें मला विचारलें, "मामा, प्रोसेसर इंटेलचा घ्यावा कीं ए.एम.डी.चा?" मेहुणे पलीकडे सुपारी कातरीत बसले होते. खेळासाठीं हजारों रुपये खर्चावयाचे ही कल्पनाच त्यांना मानवत नव्हती. ते एवढेंच म्हणाले, "आमच्या वडिलांपुढेंही असाच प्रश्न पडला होता."

तो प्रश्न इंजिनाचा होता. १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणी माळावर ऊस उभा राहिला. पण कालव्याचें पाणी पाळीनें येणार. मधल्या दिवसांत भिस्त विहिरीवर. मोटेच्या जागीं तेलाचें इंजिन बसवावयाचें ठरलें, कीं चावडीवर वाद सुरू होई : सातारारोडच्या कूपरचें घ्यावें, कीं किर्लोस्करांचें? मेहुण्यांच्या वडिलांनीं कोणाचेंच गुणगान ऐकलें नाहीं. ज्याचा सुटा भाग बारामतीच्या बाजारांत त्याच दिवशीं मिळेल, तें इंजिन त्यांनीं आणलें.

कसोटी उत्तम, पण प्रोसेसरला ती जशीच्या तशी लावतां येत नाहीं. इंजिन बदललें तरी विहीर तीच राहते. प्रोसेसरचें छाप बदललें, कीं विहीरही नवी खणावी लागते. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेब करणारा मेंदू. तो ज्या पाटीवर बसतो तो मदरबोर्ड, आणि त्यावरील त्याची जागा म्हणजे सॉकेट. आपण तिला बैठक म्हणूं. एका घराण्याचा मेंदू दुसऱ्या घराण्याच्या बैठकीवर बसत नाहीं. मात्र हें पूर्वीं असें नव्हतें, आणि तें असें कां झालें हा इतिहास मोठा मौजेचा आहे.

दोन्ही घराणीं एकाच वाड्यांतून बाहेर पडलेलीं. कॅलिफोर्नियांतील फेअरचाइल्ड ही कंपनी सोडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनीं १९६८ सालीं इंटेल काढली. पुढच्याच वर्षीं त्याच कंपनींतून निघालेल्या जेरी सँडर्स यांनीं सात सोबत्यांसह ए.एम.डी. स्थापिली. १९८१ सालीं आय.बी.एम.नें घरगुती संगणक बाजारांत आणला तेव्हां त्यांत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर बसविला. परंतु आय.बी.एम.चे लोक व्यवहारी. एकाच कारखान्यावर विसंबून राहणें त्यांना धोक्याचें वाटलें, आणि तोच माल करणारा दुसराही कोणी असावा असा आग्रह त्यांनीं धरला. त्यांतून १९८२ चा करार झाला व इंटेलचा नकाशा ए.एम.डी.च्या हातीं आला. म्हणजे ज्यांचें वैर आज मुलें तावातावानें लढवितात, त्यांचा संसार एकाच आराखड्यावर सुरू झाला.

१९८५ च्या ३८६ या प्रोसेसराच्या वेळीं इंटेलनें आराखडा देण्याचें नाकारलें. तंटा लवादापुढें गेला, तेथून न्यायालयांत गेला आणि १९९५ सालीं मिटला. मध्यंतरीं, १९९१ मध्यें, ए.एम.डी.नें स्वतःचा ३८६ काढला. तो इंटेलच्या ३८६ हून थोडा जलदच होता. आंकड्यावर मालकी सांगतां येत नाहीं असें न्यायालयानें ठरविल्यावर इंटेलला आंकडा सोडून नांव शोधावें लागलें. तें नांव पेंटियम.

या पेंटियमच्या कथेंत आपल्या पुण्याचाही एक धागा आहे. १९९३ सालीं निघालेल्या या प्रोसेसराचे जनक म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें ते विनोद धाम १९५० सालीं पुण्यास जन्मले. फाळणीच्या वेळीं रावळपिंडीहून आलेलें तें कुटुंब. दिल्लीस अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेस गेले आणि १९७९ सालीं इंटेलमध्यें लागले. १९९५ सालीं त्यांनीं इंटेल सोडली व नेक्सजेन या लहान कंपनींत प्रवेश केला. ती कंपनी लवकरच ए.एम.डी.नें विकत घेतली, आणि १९९७ सालीं पेंटियमशीं टक्कर देणारा के-६ बाजारांत आला. एकाच माणसाचा हात दोन्ही छावण्यांतील शस्त्रांस लागलेला! छापाचा अभिमान मिरविणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

याहूनही महत्त्वाची गोष्ट बैठकीची. नेक्सजेनच्या पहिल्या प्रोसेसरास स्वतंत्र मदरबोर्ड लागे, आणि त्यामुळें त्याचें फारसें चाललें नाहीं. के-६ मात्र पेंटियमच्याच बैठकीवर बसे. ग्राहकास पाटी न बदलतां घराणें बदलतां येई. इंटेलनें त्याच वर्षीं पेंटियम-२ साठीं निराळी, स्वतःच्या मालकीची बैठक केली. दोन वर्षांनीं ए.एम.डी.नेंही आपली निराळी केली. तेव्हांपासून वाटा फुटल्या त्या फुटल्याच.

पुढील चढउतार थोडक्यांत सांगतों. सेकंदास १०० कोटी ठोक्यांचा पल्ला ए.एम.डी.नें ६ मार्च २००० रोजीं गाठला. इंटेलनें ८ मार्चला! २००३ सालीं ए.एम.डी.नें आणलेली ६४ बिटांची पद्धत दुसऱ्याच वर्षीं इंटेलला स्वीकारावी लागली. २००६ मध्यें कोअर-२ नें इंटेलनें बाजी उलटविली. २०११ चा बुलडोझर ए.एम.डी.स फसला, २०१७ च्या रायझेननें तिला पुन्हां उभें केलें. २०२४ सालीं इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांत अस्थिरता आढळली, अवाजवी व्होल्टेज हें कारण कंपनीनें मान्य केलें व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. असा हा रहाटगाडगा आहे.

जाणत्यांनीं छापावर निष्ठा ठेवलेली नाहीं. पुण्याच्या सी-डॅकनें विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला तो इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटरांवर. त्याच परम मालिकेंत पुढें इंटेल आली, सनचे प्रोसेसर आले, आणि २०२० च्या 'परम सिद्धि'मध्यें ए.एम.डी.चे प्रोसेसर आहेत. ज्या वेळीं जें कामास आलें तें त्यांनीं घेतलें.

मीं भाच्याला विचारलें, "तुझ्या पाटीवर बैठक कोणती?" त्याला ठाऊक नव्हतें. मलाही एके काळीं ठाऊक नव्हतें, आणि न बसणारा प्रोसेसर घरीं आणून मीं हात चोळीत बसलों होतों. संगणक उघडला. आंत माळावरची तांबूस धूळ बोटभर. ती झाडल्यावर अक्षरें दिसलीं : ए.एम.-४, २०१९ सालची पाटी. ही बैठक ए.एम.डी.नें २०१६ पासून अनेक पिढ्या चालविली. त्यांतही केवळ औदार्य नव्हतें. २०२० मध्यें जुन्या पाट्यांवर नवी पिढी चालणार नाहीं असें कंपनीनें जाहीर केलें होतें. ग्राहकांनीं ओरड केली तेव्हां निर्णय फिरला. उलट २०१७ सालीं इंटेलच्या बैठकीवरील टांचण्यांची संख्या तीच, १,१५१, राहिली. पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या पाटीवर चालेना.

दोष खरोखर प्रोसेसराचाच आहे काय, हेंही पाहिलें. चित्र रंगविणें हें ग्राफिक्स कार्डाचें काम. गडी कोठें पळाला, भिंत कोठें पडली, हा हिशेब प्रोसेसराचा. चित्राची सूक्ष्मता कमी करून खेळ लावला. तरीही तो तसाच अडखळला. तेव्हां दोष मेंदूचाच. पाटी, स्मरणपट्ट्या, कार्ड सारें तसेंच ठेवून त्याच बैठकीचा सहा कोअरचा प्रोसेसर मागवावयाचें ठरलें. नवी पाटी घेतली असती, तर खर्च दुपटीवर गेला असता. हें ऐकून मेहुण्यांनीं सुपारी बाजूस ठेवली.

प्रोसेसर आला, तरी एक काम राहिलें होतें. जुना मेंदू जागेवर असतांनाच पाटीचें मूळ सूत्र, म्हणजे बायोस, नवें करावें लागतें, आणि तें चढत असतां वीज गेली तर पाटी निकामी होण्याचें भय. त्या दिवशीं दुपारपासून वीज दोनदां गेली होती. शेवटीं शेजारचा इन्व्हर्टर मागून आणला, रात्रीं अकरा वाजतां काम सुरू केलें, आणि सात-आठ मिनिटें घरांत कोणीं पंख्याच्या बटणासही हात लावला नाहीं. मग जुना प्रोसेसर काढला, नवा बसविला. पडदा उजळला.

मेहुणे उंबऱ्यांतून म्हणाले, "झालें का सुरू इंजिन?"