जिरं, मोहरी आणि बळदापाशी बसलेली मांजर

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, आणि कारण सांगितलं तर हसाल. घरात मांजराची दोन पिल्लं आहेत. एकाच्या अंगावर करड्या-तपकिरी रेघा, म्हणून त्याचं नाव जिरं. दुसरी काळी कुळकुळीत, ती मोहरी. फोडणीतल्या मोहरीसारखीच ती कधी कुठे उडेल सांगता येत नाही. अडीच महिन्यांत दोघांनी दोन पडद्यांच्या दशा केल्या आणि आक्कांच्या जपमाळेचा दोरा कुरतडला. एकदा तर मंदिरात न्यायच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं, तर मोहरी त्या तांदळातच अंगाचं मुटकुळं करून झोपलेली. ते तांदूळ बदलावे लागले.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आपल्यात मांजर पाळत नाहीत गं."

हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. मीही लहानपणापासून ऐकत आले. पण माझ्या माहेरी, शिरोळ तालुक्यात, आजीच्या घरात कायम एक मांजर असायची. माजघराच्या भिंतीत जोंधळ्याचं बळद होतं, शेजारी शेंगांची पोती. मांजर त्या बळदाच्या तोंडाशी पाय पोटाखाली घेऊन बसलेली असायची. नारळाच्या करवंटीत तिला रोज दूध मिळायचं. मी विचारायची, "आजी, आपण मांजर पाळलीय का?" आजी म्हणायची, "आमी कुठं पाळलीया? ती ऱ्हातीया."

तेव्हा मला ही पळवाट वाटायची. जिरं-मोहरी आल्यावर मी मांजराचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं, आजीचं उत्तर अगदी नेमकं होतं.

गाय, शेळी, मेंढी यांना माणसानं धरून आणलं, दावणीला बांधलं. मांजराला तसं कोणी आणलं नाही. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. साठवलेल्या धान्याला उंदीर लागले आणि उंदरांच्या मागोमाग रानमांजर आलं. त्याला कोणी आवतण दिलं नव्हतं, पण हाकललंही नाही, कारण दोघांचाही फायदा होता. सायप्रस बेटावर फ्रेंच संशोधकांना माणसाच्या दफनाशेजारी, हातभर अंतरावर, पुरलेलं मांजर सापडलं. ते साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. बेटावर मूळची रानमांजरं नव्हती, म्हणजे कोणीतरी ते होडीतून नेलं असणार. विशेष म्हणजे ते मांजर जेमतेम आठ महिन्यांचं होतं. माझी दोघं आणखी चार-साडेचार महिन्यांनी तेवढी होतील.

आपल्याकडचा पुरावा मला त्याहून आवडला. सिंधमधल्या चन्हुदडो इथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं. तिथे एक वीट मिळाली. चार हजार वर्षांहून जुनी. ती ओली असताना, उन्हात वाळत घातलेली असताना, तिच्यावरून एक मांजर पळत गेलं आणि त्याच्या मागून कुत्रा. दोघांचे पंजे विटेवर खोल उमटले, आणि ठशांवरून कळतं की दोघंही जोरात धावत होते. हडप्पा काळातली कोणी बाई त्या वेळी वीटवाल्याच्या अंगणात उभी असेल, तर तिनं काय म्हटलं असेल ते मला माहीत आहे. परवा मी नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे बघून तेच म्हटलं.

मांजराचा मान सगळ्यात मोठा कुठे, तर इजिप्तमध्ये, असं आपण शाळेत शिकलो. तिथल्या थडग्यांतल्या चित्रांत घरच्या बाईच्या खुर्चीखाली मांजर बसलेलं दिसतं. बास्तेत नावाची मांजरमुखी देवी होती, बुबास्तिसला तिचं मोठं मंदिर होतं. पण या मानाचा पुढचा भाग शाळेत सांगत नाहीत. देवीला मांजराची ममी वाहायची प्रथा पडली, आणि ती मागणी पुरवायला पिल्लं मुद्दाम वाढवून मारली जाऊ लागली. ममींचे क्ष-किरण फोटो काढले तेव्हा कित्येक पिल्लांच्या माना मोडलेल्या दिसल्या. एकोणिसाव्या शतकात अशा ममींचा मोठा साठा सापडला. १८९० मध्ये त्यातल्या सुमारे १९ टन ममी जहाजानं लिव्हरपूलला नेऊन खत म्हणून लिलावात विकल्या. हे वाचताना मोहरी माझ्या मांडीवर होती. मी पुस्तक मिटून ठेवलं. पूजा करणं आणि जीव जपणं या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात!

आपल्या देशात उलटं झालं. मांजराला देवपण फारसं नाही, बदनामी मात्र भरपूर. महाभारतात आणि पंचतंत्रात तप करणारं ढोंगी मांजर आहे. महाबलीपुरमला सातव्या शतकातल्या त्या प्रचंड शिल्पात ते उभं राहून हात वर करून तप करतंय, आणि पायाशी भोळे उंदीर. आम्ही सहलीला गेलो होतो तेव्हा सगळे हत्ती बघत होते, मी मांजर शोधत होते. आपल्या म्हणींतही तेच. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं. मला वाटतं हा थोडा अन्यायच आहे. मांजर ढोंग करत नाही. ते शिकारी आहे आणि तसं ते पहिल्या दिवसापासून उघड सांगतं.

आणि आपल्या शास्त्रानं नेमकं हेच ओळखलं होतं. आक्कांचं वाक्य कुठून आलं ते मी शोधलं. स्वामी कुमारांचं कार्तिकेयानुप्रेक्षा तुम्हाला स्वाध्यायातून माहीत असेल. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवलेले आपले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी त्याची संपादित आवृत्ती काढली, ती १९६० ची. त्यात अनर्थदंडाच्या प्रकारांत एक गाथा आहे. तिच्यात मांजर वगैरे हिंसक प्राणी बाळगणं, आणि शस्त्रं नि लोखंड विकणं, हे एकाच ओळीत बसवलंय. मांजर आणि तलवार शेजारी शेजारी! पहिल्यांदा वाचून मला हसू आलं, मग आलं नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे सांगितले, त्यातल्या असतीपोषणात मैना, पोपट, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्याबरोबर मांजरही आहे. तिथे मात्र पैशासाठी पाळणं असा शब्द आहे.

म्हणजे दोष मांजराचा नाही. आपण त्याला हत्यार म्हणून जवळ ठेवतो, त्याचा आहे.

मांजर हे हत्यार आहे असं स्पष्ट म्हणणारा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं गावोगाव पसरत राहिला. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे कळल्यावर अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल बुकॅनन यांनी गावांतल्या मांजरांची मोजदाद केली आणि १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी. घरोघरी मांजर ठेवा, असा त्यांचा आग्रह. (मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसाला लागू शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे.) घरात लेकरं प्लेगच्या तोंडी असताना त्या काळच्या एखाद्या श्राविकेनं हा सल्ला ऐकला असेल तर तिनं काय ठरवलं असेल, याचा मी फार विचार केला. तिला मी काही सांगू शकले नसते.

आणि आजीच्या बळदापाशी बसलेली ती मांजर? तिनं उंदीर मारलेच असणार. जोंधळा कोणाचा वाचला? आमचा. आजी पाणी गाळून प्यायची, सूर्यास्तानंतर तोंडात घास घालत नव्हती, मुंगी दिसली तर पदरानं बाजूला करायची. तिचं "ती ऱ्हातीया" खरं होतं, पण करवंटीतलं दूधही खरं होतं. कृत नाही, कारितही नसेल, पण अनुमोदना? आजी आता नाही. असती तरी हे तिला विचारायचा धीर मला झाला नसता.

माझी दोघं ज्येष्ठ संपता संपता आली. गच्चीच्या जिन्याखाली त्यांची आई त्यांना ठेवून गेली आणि तीन दिवस फिरकली नाही. पाऊस आत येत होता. पिल्लं ओरडून ओरडून गप्प झाली होती, तेव्हा मी त्यांना टोपलीत उचललं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाच आठवड्यांची असतील म्हणून सांगितलं. मी म्हटलं, दूध-पोळी घालीन. ते म्हणाले, गाईच्या दुधानं यांना हगवण लागेल आणि पोळीवर ही जगणार नाहीत. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते मांसातूनच मिळतं. ते मिळालं नाही तर आधी दृष्टी जाते (हे १९७५ मध्ये लक्षात आलं) आणि पुढे हृदय कमजोर होतं. आता ते कारखान्यात तयार होतं आणि काही शाकाहारी खाद्यांत घालतात, पण वाढत्या पिल्लांना निव्वळ तेवढ्यावर ठेवायला डॉक्टर तयार नव्हते. आजीच्या मांजरीला ही अडचण नव्हती. तिची सोय बळदापाशी होत होती.

मांस घरात आणणं मला शक्य नव्हतं. पिल्लं आंधळी होताना बघणंही शक्य नव्हतं. त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही.

मग मला दिल्लीतला पक्ष्यांचा दवाखाना आठवला. लाल किल्ल्यासमोरच्या आपल्या दिगंबर जैन लाल मंदिरात तो आहे, तुमच्यातल्या काही जणींनी पाहिलाही असेल. कबुतरं, पोपट, चिमण्या आत भरती होतात. घार, ससाणा अशा शिकारी पक्ष्यांवरही उपचार होतात, पण त्यांना भरती करून घेत नाहीत. मलमपट्टी करून सोडतात. जीव वाचवायचा, पण त्याच्या ताटात काय पडतं ते आपल्या छपराखाली घडू द्यायचं नाही. कोणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मला त्यात माझ्यासारखीच अडलेली माणसं दिसली.

आमचंही आता तसंच काहीसं चाललंय, फक्त उलट्या बाजूनं. शेजारच्या काकूंकडे मासे होतात. जिरं आणि मोहरी जेवायला कुंपणावरून त्यांच्याकडे जातात, झोपायला आमच्याकडे येतात. काकूंनी खाद्याचे पैसे घेतले नाहीत. मी दिले असते तर ते कारित झालं असतं, हे मी त्यांना समजावत बसले नाही. अनुमोदना तर झालीच आहे, रोज होते. प्रतिक्रमणाला बसते तेव्हा तिथे थोडी जास्त थांबते. मागच्या आठवड्यात मोहरीनं पाल मारून देवघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत बसली. मी णमोकार म्हटला, पाल कागदावर घेऊन परड्यात ठेवली. तिला रागावले नाही. काय म्हणून रागावणार?

आक्का अजूनही त्यांना नावानं हाक मारत नाहीत. "ती दोघं" म्हणतात. दशलक्षण पर्व जवळ आलंय, त्यांची उपवासाची तयारी चाललीय. आमचं जेवण दिवे लागायच्या आत उरकतं आणि मग त्या मागच्या दारात पाटावर बसतात. अंधार पडताना दोघं कुंपणावरून उड्या मारत येतात, मिशांना माशाचा वास. आक्का एकेकाला मानेशी धरतात, ओल्या फडक्यानं तोंड पुसतात, पंजे पुसतात आणि मगच उंबरा ओलांडू देतात. त्या फडक्याला आता मागच्या दाराशी वेगळी खुंटी आहे.