दोन जिवांच्या बाईसाठी एमआरआय

पोट दुखतंय म्हणून तातडीने एमआरआय काढायचा, ही पद्धत रुळली ती मुख्यतः गरोदर बायांमुळे. इतरांसाठी सोनोग्राफी होती, सीटी स्कॅन होता. पोटुशी बाई उजव्या कुशीत कळा घेऊन आली की मात्र सर्जनची कसोटी लागे.

अपेंडिक्सच्या दुखण्याचं मूळ बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली उलगडलं आणि वेळीच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. तीन वर्षांनी न्यू यॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावर कुठे दाबलं की सर्वांत जास्त दुखतं, ती जागा दाखवून दिली. गरोदरपणात नेमकी हीच खूण भरवशाची राहत नाही, कारण वाढतं गर्भाशय अपेंडिक्सला जागचं हलवू शकतं. मळमळ आणि उलट्या तर गरोदरपणात असतातच. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही निरोगी गरोदर बाईत वाढलेल्या असतात. मग सर्जनने भिस्त ठेवायची कशावर? वाट पाहावी, तर अपेंडिक्स फुटून बाळ दगावण्याची भीती. घाईने पोट उघडावं, तर आत काहीच न सापडण्याची. अशा बायांचा जीव जातो तो उशीर झाल्यामुळे, असं बॅबलर नावाच्या अमेरिकी सर्जनने १९०८ साली लिहून ठेवलं. या विषयावरच्या लेखांत ते वाक्य आजही उद्धृत होतं, आणि ते योग्यच आहे.

गरोदरपणात अपेंडिक्स वर सरकतं, हे १९३२ साली अमेरिकेत दाखवून दिलं गेलं, तेही निरोगी गरोदर बायांचे बेरियम देऊन एक्स-रे काढून. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या आयांना गरोदरपणाबद्दल बारकाईने विचारलं, आणि पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कर्करोगाचा धोका जवळपास दुप्पट दिसतो, हे १९५६ साली पुढे आणलं. ते मान्य व्हायला वर्षं गेली. पुढे सीटी आला तेव्हा एका तपासणीतला धोका लहान असूनही गर्भाच्या बाबतीत हात आखडता घेतला जाऊ लागला.

उरली सोनोग्राफी. नेदरलँड्सच्या पाऊलार्ट यांनी १९८६ साली प्रोब हळूहळू दाबत आतड्यातली हवा बाजूला सारायची आणि अपेंडिक्स गाठायचं, ही युक्ती सांगितली. पण भरत आलेल्या पोटात दाबायला जागा कुठे असते!

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नाही. त्याची प्रतिमा मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनपासून बनते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या तंत्राने काढलेली पहिली प्रतिमाही पाण्याने भरलेल्या दोन नळ्यांची होती. सुजलेल्या भागात पाणी साठतं, म्हणजे अपेंडिक्सची सूज या यंत्राला दिसायलाच हवी. अडचण वेळेची होती. एका प्रतिमेला मिनिटं लागत. तेवढ्यात श्वास होई, आतडं हले, बाळ कूस बदले आणि सगळं पुसट होई. जर्मनीत फ्रायबुर्गच्या युर्गेन हेनिग यांनी १९८६ सालीच हायड्रोजनला दिलेल्या एका उत्तेजनानंतर येणारे त्याचे अनेक प्रतिध्वनी टिपून वेळ वाचवायची रीत मांडली. त्यातून पुढे पोटाचा एक काप सेकंदाच्या आसपास टिपणारी तंत्रं आली. या कुळकथेचा खरा नायक मला हा वेगच वाटतो: यंत्र आधीपासून होतं, वेग मिळाला तेव्हा ते पोटाच्या कामाचं झालं.

नव्वदच्या दशकाअखेरीस काही डॉक्टरांनी अपेंडिक्ससाठी एमआरआय वापरून पाहिला. बॉस्टनमध्ये इव्हान पेद्रोसा आणि सहकाऱ्यांनी ५१ गरोदर बायांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौघींना अपेंडिसायटिस होता आणि चौघींचाही स्कॅनमध्ये सापडला. चार हा आकडा लहानच. पण निरोगी अपेंडिक्स डोळ्यांना दिसलं की बाईचं पोट उघडण्याची वेळ टळते, आणि हा दिलासा उरलेल्यांतल्या बहुतेकींना मिळाला.

आता गरोदर बाईची आधी सोनोग्राफी होते. तिच्यात उलगडा झाला नाही, तर एमआरआय. त्यात प्रतिमा ठळक करणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन टाळतात, कारण ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. पुढे लहान मुलांसाठीही ही तपासणी वापरात आली. अर्थात रात्री दोन वाजता एमआरआय चालू असेल आणि तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट जागा असेल, अशी सोय सगळीकडे नाही. तिथे निर्णय अजूनही सर्जनने हाताने पोट तपासूनच घ्यावा लागतो.