नांगराच्या निशाणीपासून ओटीपीपर्यंत

कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्याची शीव महाराष्ट्रातल्या अक्कलकोटला भिडते. इकडे जमिनीचा उतारा म्हणजे पहाणी, तिकडे सातबारा. दोन्ही आता संगणकातून निघतात. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. कर्नाटकातल्या 'भूमी' या जमीन नोंदींच्या प्रणालीत तर कर्मचाऱ्याला आधी बोटाचा ठसा द्यावा लागे, मगच नोंदीला हात लावता येई.

आदिलशाही मुलखातल्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या दस्तांवर, काझीचा शिक्का असे आणि गावकऱ्यांच्या निशाण्या असत: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. लिहिणारा एक, शिक्का बाळगणारा दुसरा, निशाणी करणारा तिसरा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तबाची मुद्रा उमटे. तिच्यापुढे कुणी अक्षर घुसवलं तर ते लगेच उघडं पडावं, हा तिचा हेतू. सहीचं खरं काम मला इथे दिसतं. माणसाची ओळख पटवायचीच, पण मजकुरालाही कुंपण घालायचं.

हाताच्या ठशाची सरकारी वाट 1858 मध्ये बंगालात जंगीपूरला सुरू झाली. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे 'नि. डा. हा. अं.' (निशाणी डाव्या हाताचा अंगठा) ही अक्षरं आपल्या दस्तांत कायमची बसली. पण अंगठ्याने माणूस ओळखता येतो; वरचा मजकूर नंतर बदलला का, हे तो सांगू शकत नाही.

ते कुंपण गणिताने परत आणलं. 1976 मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली. एक किल्ली गुप्त, सही करायची; दुसरी जगजाहीर, ती सही तपासायची. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 ला लागू झाला, पण गुप्त किल्ली सहसा यूएसबी टोकनात जपावी लागे. ते सनदी लेखापालाला जमलं, शेतकऱ्याला नाही. 2015 च्या नियमांनी ई-साइनला, म्हणजे टोकनाशिवाय आधारवरून करायच्या सहीला, वाट दिली आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'ई-हस्ताक्षर' सेवा उभी केली.

इथे जुनी तिघांची वाटणी पुन्हा दिसते. बँकेचं किंवा संस्थेचं अॅप कागद तयार करतं आणि त्याचा हॅश, म्हणजे मजकुरातून काढलेली ठरावीक लांबीची खूण, एपीआयने, म्हणजे दोन प्रणालींमधल्या ठरावीक जोडणीने, ई-साइनच्या सेवादात्याकडे धाडतं. मूळ कागद अॅपपाशीच राहतो. सही करणारा आधारचा ओटीपी देतो. सेवादाता त्याच्यासाठी किल्ल्यांची जोडी बनवतो, प्रमाणपत्र देतो, हॅशवर सही करतो आणि गुप्त किल्ली नष्ट करतो. नंतर कागदातला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी हॅश जुळत नाही.

मृत्युपत्राला मात्र ही सही चालत नाही. त्याला अजून कागद आणि दोन साक्षीदार लागतात.

जुन्या दस्तांत आणखी एक ओळ असे: वाचून दाखवला, समजला. ई-साइनच्या वाटणीत कागद दाखवून संमती घेणं हे अॅपचं काम आहे. पण अफजलपुरात कर्जाच्या कागदासाठी ओटीपी अनेकदा मुलाच्या फोनवर येतो आणि सही आईची असते. त्या आईला कर्जाच्या अटी कन्नडमध्ये किंवा मराठीत ऐकवल्याशिवाय ओटीपीचा रकाना उघडूच नये, अशीच अॅपची जोडणी व्हायला हवी.